आत एकेचाळीस, बाहेर एकेचाळीस

“पळी विचारत नाही मी, झारा विचारत नाही! लाटणं! हातभर लांब वस्तू आहे, सुई आहे का हरवायला?”

“मग मला काय विचारता, बाबा? मी काय उशाशी घेऊन झोपते लाटणं?”

“ऐकलंत? ऐकलंत कशी बोलते ते?” आजींनी भिंतीला विचारलं. आजी रागावल्या की माणसांशी बोलत नसत, भिंतीशी बोलत. भिंत बिचारी कायम त्यांच्याच बाजूची.

अर्धा तास झाला होता आणि भांडण आता कुठं रंगात येत होतं. ओट्यावर मळलेल्या पिठाचा गोळा ताटलीखाली झाकून ठेवलेला, तवा तापून धूर ओकत होता आणि स्वयंपाकघरातले तिन्ही खण जिभा बाहेर काढल्यासारखे लोंबत होते. मधोमध शिंपीबुवा, कमरेला टॉवेल खोचून. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवता शिवता त्यांचे स्वतःचे गुडघे उसवले, तेव्हा त्यांनी दुकानाला कुलूप घातलं आणि घरातला स्वयंपाक ताब्यात घेतला. तेव्हापासून मिठाची बरणी बोटभर सरकली तरी त्यांना कळायचं. इथं तर अख्खं लाटणं गेलं होतं, तेही त्यांच्या आईचं, आजींचं. आजी लग्न होऊन आल्या त्या वर्षीचं, मधोमध झिजलेलं, एका बाजूनं किंचित चपटं.

सून दारातच उभी होती. औषधांच्या दुकानातून नुकती आलेली, पर्स अजून खांद्याला. तिचा नवरा जहाजावर, सहा सहा महिने समुद्रात. त्यामुळं भांडणात तिच्या बाजूनं बोलायला घरात तिच्याखेरीज कुणी नव्हतं.

“रविवारी दोन पोती सामान भंगारवाल्याला कुणी दिलं म्हणावं,” आजी भिंतीला म्हणाल्या. “जुनं दिसलं की टाक. उद्या मलाही कोंबतील पोत्यात.”

“आजी, त्या पोत्यांत रद्दी होती, मोडका पंखा होता आणि बाबांच्या दुकानाची गंजकी पाटी होती. बस.”

“पाटी?” शिंपीबुवा गर्रकन वळले. “माझी पाटी दिलीस?”

झालं. दुसरी आघाडी उघडली.

टेबलाच्या कोपऱ्यावर शिंपीबुवांची बायको, बूचबाई, मटार सोलत बसली होती. घरातली कर्ती बाई ती, पण गेला अर्धा तास तोंडातून चकार शब्द नाही. शेंग मोडायची, दाणे वाटीत, टरफल ताटात. कारण लाटणं कुठं आहे हे घरात फक्त तिलाच माहीत होतं. ते तिच्या कामावरच्या लॉकरमध्ये, डाव्या गमबुटात होतं; घरी आणायचं ती आज विसरली होती. उद्या दुपारी गुपचूप आणून खणात मागच्या बाजूला सरकवलं की झालं. “अय्या, इथंच होतं की!” म्हणायलाही तीच पुढं होणार होती.

तिनं तसं म्हटलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

बूचबाई हे तिला कामावर पडलेलं नाव. गावाबाहेर तासाभरावर एक डोंगर आहे आणि त्याच्या पोटात, सव्वाचारशे मीटर खाली, बोगद्यांचं जाळं. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन तांब्याच्या जाडजूड डब्यांत भरून तिथं नेतात, बोगद्याच्या जमिनीत विहिरीसारखी भोकं पाडलेली असतात त्यांत उतरवतात आणि भोवतीनं माती ठासतात. डबे उतरवणारे लोक वेगळे. ते गेले की बूचबाईची टोळी येते. बोगदा शेवटच्या टोकापासून तोंडापर्यंत मातीनं भरत यायचं आणि तोंडाशी काँक्रीटचं बूच मारायचं. एकदा मारलं की मारलं. लाखभर वर्षं कुणी उघडायचं नाही.

“काम काय करता?” असं कुणी विचारलं की ती म्हणे, “दार लावते.”

“कुणाचं?”

“अजून जन्माला यायचेत त्यांचं.”

मूळची ती गवंड्याची मुलगी. बापाच्या हाताखाली गिलावा शिकली आणि कोपऱ्यांसाठी नाव काढलं. सरळ भिंत कुणीही लिंपतं, कोपरा लिंपायला वेगळा हात लागतो. डोंगरात माणसं घ्यायची ठरली तेव्हा परीक्षेला एक वेडावाकडा खड्डा आणि एक घमेलं माती दिली होती. बाकीच्यांनी भराभर खड्डा भरला. हिनं आधी भांडंभर पाणी मागून घेतलं, खड्ड्यात ओतलं आणि कमरेवर हात ठेवून ते कुठून पळतंय ते बघत उभी राहिली. तिथंच तिची नेमणूक झाली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

या एकोणीस वर्षांत घरातही एक भोक शिल्लक राहिलं नव्हतं. न्हाणीघराच्या खिडकीची शीळ बंद झाली, ओट्याखालच्या मुंग्या बंद झाल्या, उंदरांनी तर सहकुटुंब शेजाऱ्यांकडं मुक्काम हलवला. शेजारीणबाई त्यावरून अजून बोलत नाहीत. शिंपीबुवा म्हणत, “आमचं बरं जमतं. मी कापतो, ही बुजवते.”

त्या खालच्या मातीचं मात्र काही और होतं. साहेब लोक तिला बेंटोनाइट म्हणत. कोरडी असली की गरीब गाय, पण पाण्याचा थेंब लागला की अशी फुगते की विचारू नका. फुगून फुगून बारीकशी फटसुद्धा बंद करून टाकते. “नणंदेसारखी,” बूचबाई नव्या पोरींना समजावून सांगे. “एवढंसं निमित्त झालं की फुगली. पण तेच तर हवंय आपल्याला. फक्त आपलं काम होईपर्यंत फुगू द्यायची नाही.” म्हणून सगळी घाई. खडकातून पाणी झिरपत असतंच. एकदा भरायला घेतलं की थांबायचं नाही.

या मातीचे दाबून केलेले ठोकळे बसवायला एक यंत्र होतं. टोळीनं त्याचं नाव ठेवलं होतं जावई. जमीन आरशासारखी सपाट लागते, वाटेत खडा चालत नाही, जरा धूळ डोळ्यात गेली की रुसून जागच्या जागी उभा. मग त्याचे डोळे पुसा, त्याच्या मिनतवाऱ्या करा, की स्वारी निघाली. जावई यायच्या आधी खडकाच्या ओबडधोबड जमिनीवर मातीच्या बारीक गोळ्यांचा थर अंथरावा लागे. मधला भाग यंत्रानं सपाट होई, पण भिंतीलगतचे दोन्ही कोपरे हातानं. आणि कोपरे म्हणजे बूचबाई.

त्यासाठी प्लॅस्टिकचा एक रूळ दिलेला होता. हलका, उड्या मारणारा, बिनकामाचा. गेल्या आठवड्यात त्याची मूठ तुटली. दुसरा मागितला तर कोठीवाला म्हणाला, “पंधरा दिवस.”

“पाण्याला सांगू का पंधरा दिवस थांब म्हणून?”

“अर्ज करा,” कोठीवाला म्हणाला.

त्या संध्याकाळी शिंपीबुवा लाटत होते आणि बूचबाई बघत होती. आजींचं लाटणं. वजनदार, मधोमध झिजल्यामुळं हाताखाली बसणारं, एका बाजूनं चपटं म्हणून कोपऱ्यात बरोबर शिरेल असं. तिच्या हातांना खाज सुटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते डाव्या गमबुटातून डोंगरात गेलं. फाटकावर खाण्याचे डबे, फोन, काडेपेट्या बघतात. बाईच्या बुटात लाटणं असेल हे कुणाच्या स्वप्नात येणार? ती जरा लंगडत गेली इतकंच. आणि कोपरे असे उतरले की जावई एकदाही अडला नाही. दुपारी लाटणं घासूनपुसून घरी, संध्याकाळी पुन्हा ओट्यावर. चार दिवस त्यानं अशा दोन पाळ्या केल्या. शिंपीबुवा तर एकदा म्हणालेही, “हल्ली रेशमासारखं फिरतं गं लाटणं. हात बसला माझा.”

आत लाकूड न्यायची मनाई होती, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. लाकूड, कापड, कागद, खाणं, यांतलं काही आत राहता कामा नये. ते कुजतं, कुजलं की तिथं पोकळी होते, पोकळी झाली की पाण्याला वाट. म्हणून पाळी सुरू होताना हत्यारं मोजून आत, संपताना मोजून बाहेर. एका पत्र्यावर प्रत्येक हत्याराची पांढऱ्या रंगात आकृती काढलेली, जागच्या जागी टांगायची. आणि नोंदवहीपाशी उभं राहून मोजणारी कोण? बूचबाईच. “आत एकेचाळीस!” सकाळी ती खणखणीत ओरडे, आणि दुपारी, “बाहेर एकेचाळीस!” एकोणीस वर्षांत एकदाही चाळीस नाही की बेचाळीस नाही.

याच गोष्टीमुळं तिला एक पत्र आलं होतं. पहिल्या तारखेपासून तिनं वर, शिकवणी केंद्रात, नव्या लोकांना शिकवायचं. खोलीला पूर्वेकडं तीन खिडक्या. एकोणीस वर्षं सकाळी सहाला खाली उतरणाऱ्या बाईला सूर्य उगवताना दिसायचा तो फक्त रविवारी, तोही जाग आली तर. पत्रात लिहिलं होतं, “निर्दोष नोंदीच्या आधारे.” शिंपीबुवांनी ते गल्लीतल्या अकरा घरांत वाचून दाखवलं, मग माळ्यावरून मशीन उतरवलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी पायडल मारत तिच्यासाठी एक कोट शिवला. फिका, पिस्त्याच्या रंगाचा. खालच्या मातीत सगळं करडं होऊन जातं म्हणून तिनं फिका रंग कधी घातलाच नव्हता. तो कोट दारामागच्या खुंटीवर लटकत होता. येताजाता ती त्याच्या बाहीला हात लावी.

तर शुक्रवारी सकाळी बूचबाईनं लॉकर उघडला. डाव्या गमबुटात हात घातला. उजव्या गमबुटात घातला. दोन्ही बूट उलटे करून आपटले. मातीची एक गोळी टपकली आणि टणटण करत बाकाखाली गेली.

ती बाकावर बसली आणि तिला सगळं आठवलं, अगदी नको इतकं स्वच्छ. गुरुवार, एकशेबारावी रांग, डावा कोपरा. त्या दिवशीच्या पुढच्या दोन रांगांचे कोपरे आधीच करून झाले होते. जावई रुसला होता. तिनं लाटणं कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभं केलं आणि फडकं घेऊन त्याचे डोळे पुसायला गेली. तेवढ्यात यंत्रवाला ओरडला, “निघाला निघाला, सरका बूचबाई!” ती सरकली. ठोकळे बसले, मागच्या फटीत गोळ्यांचा फवारा मारून झाला. आणि दुपारी ती पत्र्यापुढं उभी राहून ओरडली, “बाहेर एकेचाळीस!” खोटं नव्हतं ते. लाटणं आत जाताना मोजलंच नव्हतं, मग बाहेर येताना कमी कसं पडणार?

त्या शुक्रवारी उरलेल्या चार रांगा होत्या. एकशेपंधरा ते एकशेअठरा. तिनं तोंड उघडलं नाही. उलट असे कोपरे केले की यंत्रवाला म्हणाला, “काय बूचबाई, आज एकदम गप्प? घरी वाजलं वाटतं?”

“लाटणं हरवलंय.”

“एवढंच ना? नवं घ्या.”

एकशेअठरावी रांग बसली. टोळीनं टाळ्या वाजवल्या. सोमवारी सकाळी काँक्रीट ओतायचं होतं.

शनिवारी अर्धा दिवस, साफसफाईचा. तोंडाशी लोखंडी साचा उभा राहत होता आणि साहेब कागदांचं भेंडोळं घेऊन तिथंच फिरत होते. साहेब म्हणजे तिशीतला इंजिनिअर, नाकावरचा चष्मा सतत घसरणारा, तिला मान देणारा.

“साहेब, एक विचारू? शिकवायला लागेन तेव्हा पोरी विचारतील म्हणून.”

“विचारा की.”

“समजा आत लाकडाचा तुकडा राहिला. एवढा,” तिनं दोन्ही हातांनी माप दाखवलं. मग वाटलं माप फारच बरोबर दाखवलं, म्हणून हात जरा जवळ आणले.

साहेबांनी चष्मा वर ढकलला. “कुजेल. पण माती फुगून ती जागा घेईल. बहुतेक काहीच होणार नाही.”

“बहुतेक.”

“एका तुकड्यानं काय होतंय? मात्र आपण आकडेमोड करतो ती आत काहीच नाही असं धरून. प्रत्येक बोगद्यात कुणी एकेक तुकडा विसरलं, आणि प्रत्येकानं म्हटलं एकानं काय होतंय, तर ती आकडेमोड जाळायची.” ते हसले. “तुम्ही असताना कसली काळजी म्हणा.”

“आणि समजा, कळलं वेळेत. तर?”

“तर उपसायचं. एक रांग बसवायला तास, उपसायला चार, माती फुगायला लागली असेल तर सहा. आणि विसरणारा पुन्हा कधी शिकवायला बसणार नाही हे नक्की!”

दोघंही हसले. बूचबाई जरा जास्त हसली.

घरी जाताना बसमध्ये तिनं स्वतःशी तंटा मांडला. बहुतेक काहीच होणार नाही. कुणाला कळणार नाही. कळायला जे माणूस लागेल त्याच्या खापरपणजोबाचा खापरपणजोबा अजून जन्माला यायचाय. लाटणं ते काय, फणसाएवढा ओंडका तर नाही! आणि तीन खिडक्या. पूर्वेकडं. उतरायची वेळ आली तेव्हा तंटा तिनं जिंकला होता. फक्त जिंकल्यासारखं वाटत नव्हतं.

घरात शांतता होती, भांडणापेक्षा वाईट. शिंपीबुवांनी बाटली आडवी धरून पोळ्या लाटल्या होत्या, सगळ्यांचे नकाशे झालेले. सून तिच्या खोलीत. आजी भिंतीला सांगत होत्या, “कबूल केलं तर गिळणार आहे का मी कुणाला? चुकून दिलं म्हणावं. पण नाही. ताठा.”

“जाऊ द्या ना, आजी,” बूचबाई म्हणाली. “नवं आणू.”

“तू मध्ये पडू नकोस. तुझा काय संबंध?”

बूचबाई मध्ये पडली नाही.

रविवारी सकाळी तिला लवकर जाग आली. समोरच्या इमारतीच्या टाकीमागून सूर्य वर आला तो तिनं चहाचा कप घेऊन पुरता बघितला. छान होता. खुंटीवरचा कोट घालून बघितला, काढून ठेवला. सून कुठं दिसली नाही. “सकाळीच बाहेर गेली,” शिंपीबुवा म्हणाले. “सांगून नाही गेली.” आणि मग हळूच, “बॅग घेऊन नाही ना गेली, बघ जरा.” बूचबाईनं बघितलं. बॅग पलंगावर होती. अर्धी भरलेली.

जेवायच्या वेळेला सून आली. घामाघूम, चपलांवर धूळ. तिनं पर्समधून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढली आणि टेबलावर आजींच्या पुढ्यात ठेवली.

कागद उलगडला. आत लाटणं होतं. जुनं, काळपट, मधोमध जरासं झिजलेलं.

“चूक माझीच होती, आजी,” सून म्हणाली. खाली बघत, पाठ केलेलं बोलावं तसं. “पोत्यात गेलं होतं चुकून. भंगारवाल्याकडून शोधून आणलं. झालं ना आता? पुन्हा नको तो विषय.”

शिंपीबुवांचा चेहरा उजळला. “बघ! मी म्हणत नव्हतो? पाटी पण होती का गं तिथं?”

आजींनी लाटणं हातात घेतलं. त्यांना आता डोळ्यांनी फारसं दिसत नसे, त्या बोटांनी बघत. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं गेली. उलटी आली. चपटी बाजू शोधत एकदा गोल फिरली. बूचबाई ती बोटं बघत होती. हे लाटणं सगळ्या बाजूंनी गोल होतं, हे तिला टेबलाच्या पलीकडूनही दिसत होतं.

आजींनी लाटणं खाली ठेवलं. मग पहिल्यांदाच, तीन दिवसांनी, भिंतीकडं न बघता सुनेकडं वळून म्हणाल्या, “सापडलं. बरं झालं. हेच ते. बस, जेव.”

सून बसली. शिंपीबुवांनी नवं-जुनं लाटणं धुऊन, पुसून खणात ठेवलं आणि खण लावला. खणात एक लाटणं पाहिजे होतं, एक होतं. सगळं बरोबर. ताटं वाढली गेली. कुणी कुणाकडं बघत नव्हतं, पण सगळे जेवत होते.

बूचबाईचा घास हातातच राहिला. तिला पत्र्यावरच्या पांढऱ्या आकृत्या दिसत होत्या, जिथल्या तिथं टांगलेली एकेचाळीस हत्यारं, आणि स्वतःचा खणखणीत आवाज.

“किती दुकानं फिरलीस?” तिनं सुनेला विचारलं.

“काय?”

“भंगारवाल्यांची. किती?”

सुनेनं आजींकडं चोरून बघितलं. “चार.”

“या उन्हात.”

“आई, झालं ना ते आता. जाऊ दे ना.”

“मीठ दे गं जरा,” शिंपीबुवा म्हणाले. त्यांना वातावरणातलं काही कळलं की मीठ लागे.

बूचबाईनं मीठ दिलं. हात धुतला, पुसला, पुन्हा खुर्चीवर येऊन बसली आणि पाळीच्या शेवटी ओरडायची त्या आवाजात, पण न ओरडता, बोलली.

“हिनं काही दिलं नव्हतं. आजींचं लाटणं मी नेलं होतं, कामावर, बुटातून. ते एकशेबाराव्या रांगेत आहे, डाव्या कोपऱ्यात.”

शिंपीबुवांचा घास तोंडापाशी थांबला. “कामावर? लाटणं? कशाला?”

“कोपरे करायला.”

“म्हणजे ते रेशमासारखं फिरत होतं ते...”

“माझ्यामुळं.”

सुनेनं एक हात तोंडावर ठेवला. ती हसतेय की रडतेय हे तिचं तिलाही कळत नसावं. आजींनी भिंतीकडं बघितलं. मग तोंड परत वळवलं. आता भिंतीला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी हात पुढं करून सुनेच्या ताटात स्वतःच्या ताटातला पोळीचा मोठा तुकडा टाकला आणि म्हणाल्या, “चार दुकानं! वेडी आहेस का? बोलायचं नाही का, मी नाही दिलं म्हणून?”

“बोलले की, आजी. तुम्ही भिंतीशी बोलत होता.”

“अगं पण,” शिंपीबुवा अजून तिथंच, “आत राहिलं तर राहिलं! उद्या तोंड बंद होणार ना? मग कोण बघायला जातंय? आणि ते शिकवायचं? मी अकरा घरांत सांगितलंय!”

“अकरा घरांत पुन्हा सांगा.”

“आणि कोट?”

त्यावर मात्र तिनं दाराकडं बघितलं. दारामागं कोट होता तसाच होता, पिस्त्याच्या रंगाचा, एक बाही जराशी पुढं आलेली. शिंपीबुवांनी त्या बाहीला आतून दुहेरी शिवण घातली होती, कधी उसवू नये म्हणून.

“साहेबांना आत्ता फोन करते,” बूचबाई म्हणाली. “उद्या काँक्रीट ओतायचं नाही. सात रांगा उपसायच्या आहेत, आठवडा जाईल. लाटणं निघालं तरी घरी येणार नाही, ते तिथंच ठेवून घेतील, तेव्हा आजी, खणातलं हेच आता तुमचं. शिकवायला मी जाणार नाही, पहाटेची पाळी चालू राहील. कोटाच्या बाह्या हिच्या मापानं कमी करा. आणि डबा साडेचारला लागेल.”